हमीदचाचांची शेवटची ओळ

बहरीनमधल्या सलमाबादच्या त्या गॅरेजमध्ये गाडी घेऊन गेलात आणि तोंडातून चुकून एक मराठी शब्द निघाला, तर हमीदचाचा बॉनेट तसंच उघडं ठेवतात, हात पुसतात आणि तुमच्यापुढे मोबाइल धरतात. "गाव कुठलं?" गाव सांगितलं की पुढचा हुकूम, "म्हणा!"

म्हणायचं गाणंही ठरलेलं. गलबतावर निघालेल्या भावासाठी कोकणातल्या बायका म्हणायच्या ते. 'शिडात भरला वारा गो, भाऊ निघाला दूर' ही सुरुवात सगळीकडे सारखीच. शेवटची ओळ मात्र दर गावाची वेगळी. दापोलीची बहीण भावाकडे चोळी मागते, गुहागरची नथीसाठी मोती. इथल्या हिद्द बंदरावर क्रेन चालवणाऱ्या एकाने 'येताना आण टीव्ही' असं म्हटलं. चाचांनी तेही ठेवून घेतलं. मला म्हणाले, "गाणं पण नोकरीला आलंय गो. बदलणारच."

अशी एक्केचाळीस रेकॉर्डिंग त्यांच्याकडे आहेत, दोन फोल्डरमध्ये. एक 'भेसळ'. दुसरा 'मफी', इथल्या अरबीत 'नाही', म्हणजे ज्यांना गाणं मुळीच आलं नाही ते. 'अस्सल' नावाचा तिसराही आहे. तो रिकामा.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. लोकगीतावर प्रकल्प करायचा होता आणि विचारायचं कोणाला, तेच कळत नव्हतं. बाबा म्हणाले, "हमीदभाईंकडे जा. फक्त लवकर सुटशील असं समजू नकोस."

मी वही उघडून भीत भीत विचारलं, "चाचा, गाण्याचा उगम कुठला?"

"आमच्या गावचा."

"पुरावा?"

"मी सांगतोय ना गो!"

श्रीवर्धनच्या एका कारकुनाने उगम आपल्याकडचा म्हटला, तेव्हा चाचांनी त्याची अख्खी गाडी दुरुस्त केली, हॉर्न तेवढा सोडून. "आता बोल म्हणावं मोठ्याने."

गेल्या शुक्रवारी ते सनाबिसला आमच्या घरी आले, आईचं रेकॉर्डिंग घ्यायला. आई गुहागरकडची. चहा पुढे ठेवून ती म्हणाली, "मी म्हणते, पण आधी तुम्ही म्हणा."

चाचा गडबडले. एक्केचाळीस जणांना गायला लावणाऱ्या या माणसाला आजवर कोणी 'तुम्ही म्हणा' म्हटलंच नव्हतं. त्यांनी घसा साफ केला, डोळे मिटले आणि गायले. आवाज इंजिनासारखाच, पण सूर पक्का. शेवटच्या ओळीपाशी मात्र ते थांबले.

"पुढचं मला येत नाही, वहिनी. तेच तर शोधतोय."

मग त्यांनी सांगितलं. ते इथे नवीन आले तेव्हा फोन परवडायचा नाही. घरची माणसं कॅसेटवर बोलून ती कोणाबरोबर तरी पाठवायची. ऐकून झालं की त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरायचं आणि परत धाडायचं. एकदा त्यांच्या आईने बोलणं संपल्यावर हे गाणं म्हटलं होतं. "एकदाच ऐकलं. सुट्टीवर गेलो की परत म्हणेल, असं वाटलं. म्हणून वरून माझं बोलणं भरलं. सुट्टी मिळाली तेव्हा ती नव्हती. भावाने कॅसेट परत दिली. शेवटाला थोडीशी आई राहिलीय."

ते थोडंसं त्यांनी मोबाइलवर उतरवून घेतलं होतं. कुठल्याच फोल्डरमध्ये नव्हतं. त्यांनी लावलं.

आधी खरखर. मग चाचांचाच आवाज, विशीतला, घाईतला: "घड्याळ पाठवतोय. टॉर्च पाठवतोय. अत्तर पाठवतोय. अजून काय हवं ते कळव." खट्. आणि लगेच एका बाईचा आवाज, गाण्याच्या सुरातच:

"...तूच ये."

संपलं.

"याच्या आधी ती काय म्हणाली, तेवढं मिळालं ना, की खलास," चाचा म्हणाले.

आईने पदराने डोळे टिपले. "परत लावा." त्यांनी परत लावलं. मग ती हळूच म्हणाली, "हमीदभाई, ओळ पुरी आहे की. तुम्ही विचारलंत, त्यांनी सांगितलं."

चाचांनी ते अजून एकदा लावलं. चहावर साय धरली. मग ते एकदम हसले, डोळ्यांत पाणी असतानाच.

"म्हणजे भेसळ माझीच की गो!"

त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला. ते रेकॉर्डिंग तिसऱ्या, 'अस्सल' फोल्डरमध्ये मी टाकलं.

"हं," नाक पुसत ते आईला म्हणाले, "आता तुम्ही म्हणा."