एकोणीस खेळांची निवड

विंचूरच्या सावळीरामला नईमभाईच्या घरातनं उठवलं, ते दोन गव्हांपायी. गहूबी खरा नव्हता. लाकडाचा पिवळा तुकडा, हरभऱ्याएवढा.

नईमभाईचं शहरात द्वारका चौकात पुठ्ठ्याच्या खोक्यांचं दुकान. दुकानावरच घर. सावळीराम टमाट्याला खोकी घ्यायला जायचा, चहाला वर जायचा, आन तिथं नईमभाईच्या बायकोनं, शाझियाभाभीनं, त्याला बोर्डगेमचा नाद लावला. बोर्डगेम म्हणजे सापशिडी नव्हं. सापशिडीत साप चावतो, इथं शेजारी बसलेला चावतो. एक तास नियम सांगायचे, दोन तास खेळायचं, आन घरी जाताना वाटंत भांडायचं. सावळीरामला हे लय मानवलं. (भांडण त्याला कोणतंबी मानवतं.) दर रविवारी चौघं बसायची. नईमभाई, भाभी, सावळीराम आन त्याची बायको मनीषा.

एका रविवारी मनीषानं पत्ता टाकला आन सावळीरामचे दोन गहू उचलले.

"ठेव खाली," सावळीराम म्हणला.

"पत्त्यावर लिवलंय, अहो. शेजाऱ्याचे दोन गहू घ्या."

"नवऱ्याचे घ्या असं लिवलंय का?"

"तुम्ही शेजारीच बसलाय ना."

सावळीरामनं आख्खा पट उलथा केला. लाकडाची मेंढरं सोफ्याखाली गेली, फासा नईमभाईच्या चहात. भाभीनं चमच्यानं फासा काढला, पुसला, आन शांतपणे म्हणली, "सावळीरामभाऊ, पुढल्या रविवारपासून तुम्ही येऊ नका. मनीषाला पाठवा."

तीन रविवार मनीषा नटूनथटून एस्टीनं गेली आन सावळीराम वट्यावर बसून राह्यला. इतका राग त्याला कांद्याचा भाव पडल्यावरबी आला नव्हता. भाव काय, पडतो, चढतो. खुर्ची गेली ती गेली. माफी मागावी तर ते त्याला येत नव्हतं. (घराण्यात कुणालाच येत नाय.)

मंग चौथ्या रविवारच्या आधी मोबाईलवर एक फोटू आला. जुने खेळ घेणाऱ्या-विकणाऱ्यांचा एक ग्रुप व्हता, त्यातनं त्याला काढायचं भाभी इसरली व्हती. गंगापूर रोडला एक कॉफीचं दुकान बंद व्हत व्हतं. तिथले एकोणीस खेळ इकायचे व्हते. फोटूत डब्यांची थप्पी, आन खालून तिसरा डबा दीपगृहाचा. हाच खेळ भाभी तीन वर्षं शोधत व्हती. छापायचा बंद झाला व्हता.

सावळीराम ताडकन उठला. हा डबा भाभीपुढं ठेवला की माफी मागायची गरजच नाय.

दुकानाचा मालक राज म्हणून पोरगा व्हता, चष्मेवाला. त्यानं एकेका डब्याचा भाव सांगायला सुरुवात केली.

"सुट्टं नको," सावळीराम म्हणला. "आख्खं वक्कल बोल."

"काय बोलू?"

"सगळा ढीग. एकच भाव."

बोलता बोलता त्यानं एका डब्याचं प्लास्टिक नखानं फाडलं, झाकण काढलं आन हात कोपरापर्यंत तळाला घातला.

"काका, तो सीलपॅक होता."

"व्हता ना. वर चांगला माल लावून खाली सडका भरत्यात लोकं. लासलगावला बत्तीस वरसं माल घालतोय मी."

राजनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. अर्ध्या तासात सहा हजाराला एकोणीस डबे पिकपमध्ये. नव्याचा भाव काढला तर चाळीसच्या पुढं गेला असता. सावळीराम गाणं म्हणत घरी आला. इथपर्यंत सगळं झ्याक झालं. इथंच थांबला असता तर ही गोष्ट मी सांगत नसतो.

पण माणूस कांद्याचा. बिगर निवडीचा माल कुणाच्या दारात न्यायचा नाय, ही बापाची शिकवण. मिसळ माल दिसला की गिऱ्हाईक तोंड फिरवतं. आन डबे उघडले तर काय, एकेका डब्यात सतरा जिन्नस. पत्ते, फासे, लाकडाचे तुकडे, नाणी, बकऱ्या, सगळा खिचडा. सावळीरामला लाज वाटली.

मनीषा माहेरी गेलेली. त्यानं भागीबाईला हाक मारली. भागीबाई म्हणजे गावातली निवडणाऱ्या बायांची पुढारीण. डोळं झाकून कांदा हातात घेतला तर कुणाच्या वावरातला ते सांगायची.

"नाना, हे कशाचं बी?" तिनं हिरवे तुकडे हातात घेऊन इचारलं.

"खेळायचं हाय ते."

"मंग बारकी पोरं कुठंय?"

"पोरं नाय. मी खेळतो."

भागीबाईनं पदर तोंडाला लावला आन बराच वेळ काढला नाय.

दुपारपर्यंत निवड झाली. एकोणीस डब्यांचा माल सात कॅरेटात. एका कॅरेटात सगळे पत्ते, एकात फासे, एकात नाणी. लाकडाचे तुकडे मोठे, मध्यम आन गोल्टी, म्हणजे बारके. सातव्यात माणसं आन जनावरं. नियमाची पुस्तकं म्हणजे पाला, त्याची सुतळीनं पेंढी बांधली. रिकामे डबे थप्पी लावून बाजूला.

रविवारी सकाळी मनीषा माहेराहून आली. कॅरेटांकडं बघून दारातच थांबली.

"अहो, हे काय केलं?"

"निवड."

"कुठला तुकडा कुठल्या खेळाचा, ते कसं कळायचं?"

हा इचार त्याला आला नव्हता. कांद्याला असलं काही नसतं.

"तू नको शिकवू," म्हणून तो पिकपमध्ये बसला. राग आला की त्याला गाडी चांगली चालवता येते. मनीषा शेजारी बसली. लेक द्वारकेलाच राहते, म्हणून भागीबाईबी मागं कॅरेटांजवळ बसली.

नईमभाईच्या घरात सावळीरामनं सातबी कॅरेट फरशीवर मांडले, रिकामे डबे आन पुस्तकांची पेंढी कोपऱ्यात ठेवली आन छाती पुढं काढून उभा राह्यला.

"भाभी, तुमचा दीपगृहाचा खेळ. आन वर अठरा."

"कुठंय?"

"ह्याच्यात."

"ह्याच्यात म्हणजे कशात?"

"सगळ्यात थोडा थोडा."

भाभीनं गोल्टीच्या कॅरेटातनं एक पांढरा तुकडा उचलला, उजेडात धरला आन सोफ्यावर बसली. नईमभाईनं पाणी आणलं. भाभी ते प्यालीबी नाय.

"तीन वर्षं शोधत होते मी," ती म्हणली. ओरडली असती तर सावळीरामला परवडलं असतं.

तेवढ्यात भागीबाई दारातनं म्हणली, "ते व्हय? ते निळ्या डब्यातलं. ज्याच्यावर दिव्याचा मनोरा काढलाय. असले चोवीस व्हते, एक टवका उडालेला."

सगळे तिच्याकडं बघाया लागले.

"मावशी, तुम्हाला लक्षात आहे?" भाभीनं इचारलं.

"हाताखालनं गेलंय ना, बाई."

मंग भागीबाई फरशीवर मांडी घालून बसली. हात चालला तिचा. हे बोकडवाल्या डब्याचं, हे जहाजवाल्याचं, हा फासा तांबड्यातला. पाच तासात एकोणीस डबे जसेच्या तसे. भाभीनं पुस्तकातल्या यादीशी ताडून पाह्यलं. दीपगृहाच्या खेळात चोवीस पांढरे तुकडे, एक टवका उडालेला. भाभीनं भागीबाईला जवळ घेतलं.

सावळीरामनं घसा खाकरला. "मंग, खेळायचं का?"

"खेळू या," भाभी म्हणली. "पण हा खेळ चौघांचाच आहे."

तिनं पट मांडला. नईमभाई बसला. मनीषा बसली. भाभी बसली. चौथी खुर्ची भाभीनं पदरानं पुसली आन म्हणली, "मावशी, या."

"मला कुठं येतंय, बाई?"

"नियम सांगते ना मी."

भागीबाई पहिल्याच डावात जिंकली. उठताना तिनं मनीषाला इचारलं, "पुढल्या रविवारी कितीला यायचं?"

आता दर रविवारी सावळीराम भागीबाईला आन मनीषाला पिकपमध्ये घालून द्वारकेला आणतो आन खाली दुकानापुढं थांबतो. भाभी लय वाईट नाय. तिनं त्या एकोणिसातला एक बारका डबा खाली धाडला. म्हणली, "हा एकट्यानंच खेळायचा आहे भाऊ, पत्त्यांच्या विरुद्ध. भांडायला कुणी नाही."

परवा नईमभाई सुपारी आणायला खाली उतरला, तर सावळीराम सीटवर पट मांडून लालेलाल झालेला.

"काय भाई, कितवा नंबर आला?"

सावळीरामनं पत्ते डब्यात कोंबले.

"दुसरा," तो म्हणला.