पूजेत बसलेला सर्व्हर

आयुधपूजेच्या सकाळी तिप्पेस्वामीनं सर्व्हरला एका ओळीची आज्ञा दिली आणि घोळ सुरू झाला. बसची एकच सीट दोघांना का जाते, ते शोधायचं होतं. म्हणून त्यानं लॉगची, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीची, पातळी 'इन्फो'वरून 'डीबग'वर नेली. इन्फोवर सर्व्हर कामापुरतं लिहितो. डीबगवर कुणी नुसती सीट बघितली तरी पानभर लिहितो. चूक सापडली, दुरुस्तही झाली. पातळी परत इन्फोवर आणणार, तोच वनजाक्षी मॅडमनी त्याच्या हाताखालून लॅपटॉप ओढला, कुंकू लावलं आणि केळीच्या खांबाशी नेऊन मांडला.

"मॅडम, एकच ओळ राहिलीय! अर्धं मिनिट!"

"पूजा झालेल्या हत्याराला उद्यापर्यंत हात लावायचा नाही. मोबाईलपण ठेव ताटात." मॅडमनी स्वतःचा, काच तडकलेला मोबाईल सगळ्यांच्या आधी ताटात ठेवला होता.

"अहो, डीबग चालू राहिलाय! डिस्क भरली की सर्व्हर झोपेल."

"शहाणाच आहेस! आधी सुचलं नाही?"

नव्हतं सुचलं बिचाऱ्याला. त्यात दसऱ्याला घरी निघालेलं अख्खं बेंगळुरू आज तिकिटं काढत होतं. याच महिन्यात त्याच्या हातून सर्व्हर दोनदा झोपला होता. तिसऱ्यांदा झोपला की रवानगी तक्रारींच्या फोनवर, असं मॅडमनी सगळ्यांदेखत बजावलं होतं. भिंतीवरच्या टीव्हीलाही शेवंतीचा हार घातलेला. हाराखालून डिस्कचा आकडा दिसत होता: ८४ टक्के.

"नंजुंडा, तुझा लॅपटॉप दे ना," त्यानं शेजारच्याला हळूच विचारलं.

"त्यावर लिंबू ठेवलंय. मला बायकापोरं आहेत बाबा, मॅडमच्या तोंडी नको देऊस."

९१. ९५. आरती सुरू झाली. मॅडम खांबाआड डोळे मिटून, हात पदराखाली घेऊन उभ्या. तिप्पेस्वामी रडकुंडीला आला. "चामुंडेश्वरी, एकशे एक नारळ फोडतो, पण वाचव!" असं तो चांगलं मोठ्यानं बोलला.

आकडा ९७ वर आला आणि थांबला. आरती संपली, दारात कोहळा फुटला, चुरमुरे वाटून झाले, तरी ९७च. तिप्पेस्वामीनं टीव्हीलाच साष्टांग नमस्कार घातला.

दुसऱ्या दिवशी कुंकू पुसून त्यानं आधी लॉग उघडला. डीबगच्या त्या ढिगाऱ्याखाली एक ओळ होती: अकरा बेचाळीस, पातळी डीबगवरून इन्फोवर, आज्ञा देणारी वनजाक्षी, मोबाईलवरून.

त्याला आरतीतले मॅडमचे पदराखालचे हात आठवले. म्हणजे ताटातला तो तडकलेला मोबाईल बंद पडलेला होता तर!

"काय रे, काल कुणी हत्याराला हात लावला नाही ना?" मागे मॅडम उभ्या होत्या.

"छे, मॅडम! सगळं देवीनंच केलं."

"हं." मॅडमनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "ती ओळ पुसून टाक. आणि त्या एकशे एकातला एक नारळ मला आण, चटणीला."