जिवंत आमिष लावण्यास मनाई

नियम वाचावा तर मीच! सेक्रेटरिएटात माझी उमर सरकारी नियम वाचण्यात चालली आहे, आणि कुठल्या कलमात कुठे चोरवाट आहे ते मला कलम लिहिणाऱ्या साहेबाच्या आधी दिसतं. म्हणून आधीच सांगून ठेवतो, गोसाव्याच्या तलावावर जे झालं त्यात मी हरलो नाही. लोक काहीही म्हणोत.

माझ्याकडे मासे धरायची एक विलायती काठी आहे. आमचे साहेब पेन्शन घेऊन मायदेशी निघाले तेव्हा बाकीच्या बाबूंशी त्यांनी हात मिळवला आणि मला ही काठी दिली. पितळी रीळ, रेशमी दोरी. मी तिला रोज तेल लावून पुसतो. आमच्या घरात तिच्या लग्नातल्या शालूलाही इतका मान नाही, असं आमची बायको यमू म्हणते. मासा मी खात नाही. आमच्या घराण्यात कुणीच कधी खाल्लेला नाही. मी फक्त पकडतो आणि शेजारच्या शालिकरामला देतो.

"खायचा नाही तर छळायचा कशाला बिचाऱ्याला?" यमू विचारते.

"तुला नाही कळायचं." हे उत्तर मी लग्न झाल्यापासून देत आलो आहे, आणि त्यावर अजून कुठे अडलेलं नाही.

तर त्या कार्तिकात तलाव कमिटीने काठावर पाटी ठोकली. 'जिवंत आमिष लावून मासे धरण्यास मनाई आहे. नियम मोडल्यास गळ व काठी जप्त.' मी वाचली, योग्यच आहे म्हटलं आणि गांडुळांचा डबा उघडला. तलावाचा चौकीदार कवडू मागे उभाच होता.

"बाबूजी, पाटी वाचली काय जी?"

"वाचली. तुला वाचता येते का?"

"नाही जी. पन कमिटीनं तोंडपाठ करून घेतली. हे गांडूळ जित्तं आहे ना?"

"अरे, तो नियम जिवंत माशांसाठी आहे. लोक नदीतले बारके मासे आणतात, गळाला लावतात, ते सुटतात आणि वाढून इथल्या माशांची पिल्लं खातात. म्हणून मनाई. गांडूळ सुटून कुणाची पिल्लं खाणार आहे?"

कवडूने डब्यात डोकावून पाहिलं. "ते मले नाही मालूम. पन हे हालून राह्यलं. आज जाऊ द्या. आता पुन्हा दिसलं तं काठी ठेवून घेईन."

माझी काठी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या रविवारी मी गांडुळं गच्चीवर वर्तमानपत्रावर उन्हात वाळवली आणि त्यातलं एक कवडूपुढे धरलं. "घे. मयत आहे. पंचनामा कर."

कवडूने नुकतंच तलावात तोंड धुतलं होतं. त्याने ते ओल्या तळहातावर घेऊन निरखून पाहिलं. मीही पाहत होतो. पाहता पाहता गांडुळाने कूस बदलली.

"बाबूजी, मयत उठलं जी."

घाटावर धुणं धुणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कवडूने काठीला हात घातला.

"थांब," मी म्हणालो. "गांडूळ गेलं खड्ड्यात. मी कणीक लावतो. कणीक जिवंत असते का?"

कवडूने बराच विचार केला. "नाही जी. कणीक काहून जित्ती राहील?"

"जोरात बोल. सगळ्यांसमोर."

तो बोलला. सगळ्यांनी ऐकलं. याला म्हणतात कायद्याचं काम!

घर जवळच होतं. यमू कुठे बाहेर गेली होती, पण देवघराच्या कट्ट्यावर वाटीत कणकेच्या सुरेख बारीक गोळ्या ओल्या फडक्याखाली झाकलेल्या होत्या. संसारात पहिल्यांदाच मला हवी ती वस्तू हवी तेव्हा तयार मिळाली. संशय तिथेच यायला हवा होता, पण मी वाटी रिकामी करून गोळ्या रुमालात बांधल्या आणि तलाव गाठला.

पहिली गोळी पाण्यात पडते न पडते तोच दोरीवरचं बूच गडप. रोहू! काठी कमानीसारखी वाकली. ओढून ओढून त्याला काठावर घेतलं. एवढा मोठा मासा मी फक्त साहेबाच्या फोटोत पाहिला होता.

जिजाबाई पुढे आल्या. कार्तिकभर घाटावर बसून माशांना गोळ्या घालणारी ही म्हातारी. त्यांनी वाकून माशाचं तोंड पाहिलं. ओठाला कागदाचा एक चिटोरा चिकटला होता. त्यावर तांबड्या शाईने, आमच्या यमूच्या गोल अक्षरात, 'श्रीराम'.

आमच्याकडच्या बाया कार्तिकात रामनाम लिहून ते कणकेत गुंडाळतात आणि माशांना घालतात, हे मला काय माहीत नव्हतं? होतं. त्या गोळ्या घरात कुठे ठेवतात तेवढं कधी विचारलं नव्हतं.

"अवं बायांनो, यानं रामाचं नाव गळाले लावलं वं!" जिजाबाई ओरडल्या.

घाट माझ्याभोवती गोळा झाला. मी मागे हटलो नाही. "कणीक लावू नये असं पाटीवर कुठे लिहिलंय? कवडू, कणीक जिवंत नाही असं तूच बोललास ना?"

"बोललो जी," कवडू म्हणाला. "पन आतमंदी रामनाम होतं."

"मग?"

"मंग काय मंग?" जिजाबाई कडाडल्या. "रामनाम कधी मरते काय गा?"

कवडूचा चेहरा उजळला. "तं मंग जित्तं आमिषच झालं, बाबूजी."

मी भल्याभल्या कलमांना पुरून उरलो आहे. पण इथे काठी वाचवणारं उत्तर एकच होतं, आणि ते म्हणजे भर कार्तिकात, एवढ्या बायांसमोर, रामनाम मेलेलं आहे असं म्हणणं. तेवढ्यात गर्दीत मला यमू दिसली. हातात रिकामी वाटी.

"बोला ना," ती म्हणाली.

मी काठी कवडूच्या हातात दिली. जिजाबाईंनी रोहूला हळदकुंकू लावून पाण्यात सोडलं.

पण मी हरलो नाही! दुसऱ्याच दिवशी कमिटीकडे अपील ठोकलं. सेक्रेटरी चंद्रभानजी घामाघूम झाले. माझ्या बाजूने निकाल द्यायचा तर रामनाम जिवंत नाही यावर सही करावी लागणार, आणि माझ्या विरुद्ध द्यायचा तर घाटावरच्या सगळ्या बायांच्या गोळ्या जिवंत आमिषात जमा होणार. कुणीच सही करेना. शेवटी त्यांनी काठी गुपचूप परत केली आणि नवी पाटी रंगवली. 'गळास कणीक लावण्यास सक्त मनाई आहे. फक्त गांडूळ लावावे. जिवंत चालेल.'

पहिल्या दिवसापासून मी दुसरं काय म्हणत होतो?

आता दर रविवारी मी ताठ मानेने तलावावर जातो. कवडू स्वतः मला गांडुळं उकरून देतो. माझ्यावर नजर ठेवायला म्हणून यमूही येते आणि शेजारच्या पायरीवर गोळ्यांची वाटी घेऊन बसते. संध्याकाळपर्यंत माझं बूच हलत नाही. नियम आता पूर्णपणे माझ्या बाजूला आहे. मासे तेवढे सगळे हिच्या बाजूला असतात.