कधीपासूनचं सांगू?

आमच्या रामवाडीत बाळाकाकांना कोणी "कसं काय?" विचारत नाही. ती चूक नवे भाडेकरू करतात, आणि एकदाच. काका थांबतात, चष्मा पुसतात आणि विचारतात, "कधीपासूनचं सांगू?" मग गुडघा, झोप, परवा करपलेली फोडणी आणि तिच्यापायी आलेला राग, सगळं क्रमवार येतं. समोरच्याची रोह्याची गाडी निघून जाते.

काका रोह्याच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. तासातासाला काटा बघायचा आणि आकडा लिहायचा. नोकरी संपली, सवय राहिली. "अंदाजे नाय सांगणार," हे त्यांचं पालुपद. किती वाजले विचारलं तरी आत जाऊन भिंतीवरचं घड्याळ बघून येतात.

मीही त्यांना टाळायचे. पण मनाची खुशाली मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणण्याच्या कामाला लागले, आणि काका आठवले. भाषांतर झालं होतं. आता ते लोकांना कळतं का, आणि दोन आठवड्यांनी तोच माणूस तेच उत्तर देतो का, हे तपासायचं होतं. रोह्यात माझी त्रेधा उडाली होती. तिथे सगळ्यांनी सगळ्याला "बरं हाय" म्हटलं. एका आजींनी तर स्वतःचं सोडून सुनेचं आणि म्हशीचं मन सांगितलं. खरं उत्तर देणारा माणूस मला हवा होता, आणि तो माझ्याच भिंतीपलीकडे राहत होता.

पहिल्याच प्रश्नाला काकांनी मला घाम फोडला. मी वाचलं, "गेल्या दोन आठवड्यांत मला आनंदी वाटलं." मग पर्याय सांगितले, "कधीच नाही" पासून "नेहमी" पर्यंत.

"नेहमी?" काका म्हणाले. "नेहमी आनंदी असलेला माणूस दाखव मला. त्याला आधी डॉक्टरकडं न्यायला पायजे."

"काका, प्रश्न कळला का, तेवढं सांगा."

"कळला गो. पण काटा एका जागी राहत नाय. सकाळचं येगळं, सांजचं येगळं."

असा प्रत्येक प्रश्न त्यांनी सोलून काढला. गंमत म्हणजे मला कंटाळा आला नाही. हा माणूस पुढच्या प्रश्नाला काय म्हणेल, याचीच उत्सुकता लागली. फक्त एका प्रश्नाला चष्मा पुसला गेला नाही. "मनातलं बोलायला मला कोणीतरी असतं."

"कधीच नाय," ते लगेच म्हणाले. "तुझी काकू होती तवा शिफ्टवरून आलो का इचारायची, कसा गेला दिवस? भाकऱ्या थापता थापता सगळं ऐकायची. आता मुलगा डोलवीवरून फोन करतो. 'बरे हाव ना?' म्हणतो, आन् मी तोंड उघडंपर्यंत ठेवतो."

मला फार वाईट वाटलं. पण उत्तरावर आपण काही बोलायचं नाही, असा नियम. मी "कधीच नाही"वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

मधल्या दिवसांत "एक शब्द विचारायचा राहिला" म्हणून मी त्यांच्याकडे डोकावले. शब्दाचं काम पटकन आटोपायचं, चहा आणि बॉयलरच्या गोष्टी लांबायच्या. असं एकदाच नाही, बऱ्याचदा झालं.

दोन आठवड्यांनी काका इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. उत्तरं तंतोतंत जुळत गेली. मी खूश. मग तो प्रश्न आला.

"कधीकधी," काका म्हणाले.

मला राहवेना. "मागच्या वेळी 'कधीच नाही' म्हणालात."

"तवा तेच खरं होतं. मधी तू आलीस की. अंदाजे नाय सांगत."

माणूस तोच, परिस्थिती तीच, आणि उत्तर बदललं, तर आमच्या शास्त्रात प्रश्न कच्चा ठरतो. पण इथे प्रश्न पक्का होता. परिस्थिती मीच बदलून बसले होते. शेऱ्यात मी तसं प्रामाणिकपणे लिहिलं.

"आता परत कधी?" काकांनी विचारलं.

"झालं काका. दोनदाच विचारायचं असतं."

"बरं," ते म्हणाले. बाळाकाका नुसतं "बरं" म्हणाले, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाईने स्टँडकडे निघाले होते. काका फाटकात उभे होते, माझ्याकडे न बघता.

"कसं काय, काका?"

त्यांनी सावकाश चष्मा काढला. "कधीपासूनचं सांगू?"

मी पिशवी त्यांच्या ओट्यावर ठेवली आणि बसले. "काल मी गेल्यापासूनचं."