गायकाचा खिन्न कालखंड

रेकॉर्ड प्लेअर पुसायचं काम सासूबाईंना द्यावं, असं तज्ज्ञाने शनिवारी सकाळी ठरवलं आणि तिथेच त्याचं चुकलं. एरवी तो त्या यंत्राला कुणाला बोट लावू देत नसे. पण दुसऱ्या दिवशी श्रोता मंडळात त्याचं व्याख्यान होतं, चौदा पानं पाठ करायची होती, आणि सासूबाई गेले चार दिवस या घरात पुसण्यासारखं काहीतरी शोधत फिरत होत्या. त्याने त्यांच्या हातात मऊ फडकं दिलं, सुईला धक्का लावू नका म्हणून तीनदा बजावलं आणि खोलीचं दार लावून तो पाठांतराला बसला.

'तज्ज्ञ' हे त्याला मंडळाने दिलेलं नाव. कचेरीत त्याला कुणी तज्ज्ञ म्हणत नसे. तिथे तो डेडस्टॉक सांभाळायचा, म्हणजे टेबलं, खुर्च्या, पंखे, कपाटं यांच्यावर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि वर्षातून एकदा सगळं जागेवर आहे का ते बघायचं. (एकदा डुलकी घेणाऱ्या हेडक्लार्कच्या पाठीवर चिठ्ठी लागली होती. ती खुर्चीला लावताना घसरली, असा खुलासा त्याने लेखी दिला आणि तो मान्यही झाला.) हाताला लागलेलं वळण घरातही आलं. मिक्सर घर/७ होता, इस्त्री घर/१२, बायकोचं शिलाई मशीन घर/३. सासूबाईंची बॅग आल्या दिवशीच घर/६१ झाली, तेव्हा त्यांनी लेकीला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मलापण लावणार आहेत का गं?"

मंडळाचा विषय होता प्रोग्रेसिव्ह रॉक. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, यात गाणं सुरू झालं की माणसाने आंघोळ करून यावं, तरी गायक अजून आलेला नसतो. त्यातल्या एका बँडवर तज्ज्ञाचा जीव होता. त्या बँडचा मुख्य गायक भांडून बाहेर पडला आणि त्याने एकट्याचे चार अल्बम काढले. जगाने त्या अल्बमांकडे पाठ फिरवली. आपल्या तज्ज्ञाने मात्र अकरा वर्षं त्यांचा अभ्यास केला आणि शोध लावला, की पहिला अल्बम म्हणजे गायकाचं स्वातंत्र्य, दुसरा म्हणजे पश्चात्ताप, चौथा म्हणजे समेट, आणि तिसरा, दोन तबकड्यांचा, म्हणजे 'खिन्न कालखंड'.

हा तिसरा अल्बम मंडळात फक्त त्याच्याकडे होता. बँडमध्ये असताना या गायकाचा आवाज इतका वर जायचा, की शेजारी खिडकीतून बघायचे. तिसऱ्या अल्बममध्ये तोच आवाज एकदम विहिरीच्या तळाशी गेला होता. एकेक शब्द तो ओझं उचलून ठेवावं तसा ठेवायचा. जिवाभावाचे मित्र तुटल्यावर माणसाचा कंठ असा दाटतो, हा तज्ज्ञाचा सिद्धांत. त्यावर त्याने लिहिलेला निबंध मंडळाच्या सातही सभासदांकडे होता आणि अल्बमची कॅसेटही सगळ्यांनी करून घेतली होती.

आता शंका येण्यासारख्या गोष्टी नव्हत्या असं नाही. वेष्टणावर मोठ्या गाण्याची वेळ तेरा मिनिटं वीस सेकंद छापली होती आणि गाणं चालायचं बरोबर अठरा मिनिटं. तज्ज्ञाने ती वेळ पेन्सिलने दुरुस्त केली आणि छपाईतल्या ढिसाळपणाबद्दल कंपनीला पत्र टाकलं. (उत्तर आलं नाही. चूक कबूल करायला मन मोठं लागतं, असं तो म्हणायचा.) वेष्टणावर कोरस म्हणून चार मुलींचा हसरा फोटो होता, आणि गाण्यात तर चार धिप्पाड पुरुष हुंदके देत होते. यावर त्याने निबंधात दोन पानं खर्ची घातली होती: मुली येतात, फोटो काढतात, पण गात नाहीत, हीच त्या काळाची शोकांतिका.

बायकोला हे सगळं मान्य नव्हतं असं नाही, तिने ते ऐकलंच नव्हतं. ती घरी शिवणकाम करायची आणि तिचं म्हणणं सरळ होतं. "या गाण्यावर पाय मारायला गेलं की दोरा तुटतो." अकरा वर्षांपूर्वी, रेकॉर्ड आणली त्या दिवशी, ती हौसेने त्याच्या शेजारी सोफ्यावर बसली होती. चार मिनिटांनी तिने विचारलं, "अहो, हे बॅटरीवर चालतं का? संपत आलीय बहुतेक." तज्ज्ञ त्यानंतर दोन दिवस बोलला नाही. ती पुन्हा शेजारी बसली नाही. तज्ज्ञाला आयुष्यात बढती नको होती, बंगला नको होता. बायकोने एकदा शेजारी बसून रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत ऐकावी, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती त्याने कुणाला सांगितली नव्हती.

तर दुपारी जेवण झाल्यावर त्याने उद्याची तालीम म्हणून तिसरा अल्बम लावला.

पहिल्याच ठोक्याला त्याला कळलं, की काहीतरी बिघडलंय. ढोल उड्या मारत आला. मागून गिटार पळत आली. मग गायक आला, तोच जुना, उंच आवाजाचा, आणि चक्क मजेत होता. तज्ज्ञ खुर्चीला धरून उभा राहिला. एवढ्यात कोरस आला आणि चार मुली गायला लागल्या.

आतून बायको धावत आली. तिच्या गळ्यात मापाची टेप होती, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून ती म्हणाली, "अहो, हे कुठलं? इतकं छान गाणं घरात होतं आणि मला सांगितलं नाहीत?"

"हा खिन्न कालखंड आहे," तज्ज्ञ म्हणाला.

"कुणाचा?"

सासूबाई कोपऱ्यात बसून गुडघ्यावर ठेका धरत होत्या. तज्ज्ञ त्यांच्याकडे वळला. "आई, तुम्ही यंत्राला काय केलंत?"

"पुसलं."

"आणखी?"

"नीट पुसलं."

"अगं, यांनी मशीन बिघडवलंय! अकरा वर्षं जपलेला माणूस बघ कसा नाचायला लागलाय!"

"मग नाचू दे की," बायको म्हणाली. "तुमचं काय जातं?"

काय जातं ते चौदा पानांत लिहिलेलं होतं. त्याने मेकॅनिकला फोन केला. मेकॅनिक चारला आला, प्लेअरभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "साहेब, मशीन एकदम ओके आहे. वेगाचं बटण तेवढं तेहतीसवरून पंचेचाळीसवर गेलंय. पुसताना फिरलं असेल."

तज्ज्ञाने सासूबाईंकडे असं बघितलं, जणू कोर्टात साक्ष संपली. "मग फिरवा तेहतीसवर."

मेकॅनिकने बटण फिरवलं. गायक पुन्हा विहिरीत उतरला, मुलींचे पुरुष झाले आणि तज्ज्ञाचा जीव भांड्यात पडला. बायकोचा चेहरा मात्र उतरला. ती टाचण्या परत तोंडात ठेवून आत निघाली. मेकॅनिक मान वाकडी करून थोडा वेळ ऐकत राहिला.

"साहेब, गाण्याला बरं नाहीये."

"तो दुःखात आहे."

"तसं नव्हे." त्याने रेकॉर्ड उचलली, मधल्या कागदावरची घर/२९-अ ही चिठ्ठी नखाने खरवडली आणि रेकॉर्ड तज्ज्ञाच्या नाकासमोर धरली. चिठ्ठीखाली छापलं होतं: ४५.

दोन्ही तबकड्यांच्या चारही बाजूंना चार चिठ्ठ्या होत्या आणि चारही चिठ्ठ्यांखाली तेच होतं. चिठ्ठी दर्शनी भागावर, खालच्या डाव्या कोपऱ्यात लावावी असा कचेरीचा नियम. गोल वस्तूला कोपरा नसतो, म्हणून तज्ज्ञाने डावीकडची छोटीशी जागा निवडली होती. आधी चिकटवावं, मग वाचावं, ही तिथली पद्धत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळशावर नंबर टाकून नोंदही झालेली होती.

"चिकटवली मात्र चांगली होती हो जावईबापूंनी," सासूबाई म्हणाल्या. "निघता निघत नव्हती."

बायको भिंतीला टेकून हसली, खाली बसून हसली, टेपमध्ये तोंड खुपसून हसली. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्या मीपण येते मंडळात. हे गाणं मोठ्या स्पीकरवर ऐकायचंय मला."

तज्ज्ञाची झोप उडाली. सत्य त्याच्याशिवाय तीन माणसांना ठाऊक होतं. मेकॅनिक मंडळात येत नव्हता, सासूबाई सोमवारी जाणार होत्या. राहता राहिली बायको. सकाळी त्याने चार नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, जुन्यांच्या जागी चिकटवल्या आणि बायकोला सांगितलं, की खुर्च्या सातच आहेत. ती म्हणाली, "मी स्टूल घेऊन येते."

मंडळ दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भरायचं. डॉक्टर अध्यक्ष होते आणि रुग्णांच्या बसायच्या खोलीतले स्पीकर त्यांचे होते. बायको ठेवणीतले कपडे घालून, स्टुलावर, अगदी पुढे बसली. शेजारी निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. त्यांनी डोळे आधीच मिटून घेतले होते. तज्ज्ञाने चौदा पानं न अडखळता म्हटली, टाळ्या घेतल्या आणि रेकॉर्ड लावली. बटण तेहतीसवर होतं. त्याने ते पुन्हा एकदा बघून घेतलं.

गायक विहिरीतून बोलला. खोलीत पसरलेला उसासा ऐकू आला. सहा माथी हळूहळू हलू लागली.

बायकोने त्याच्याकडे बघितलं. तिला राग आलेला नव्हता. आपलं कापड शिवायला टाकावं आणि पुडक्यातून दुसऱ्याचंच निघावं, तेव्हा गिऱ्हाईक जसं बघतं तसं ती बघत होती. मग तिने खाली ठेवलेली पर्स मांडीवर घेतली. अकरा वर्षांपूर्वी सोफ्यावरून उठण्याआधी तिने शिवणाची पिशवी अशीच मांडीवर घेतली होती, हे तज्ज्ञाला लख्ख आठवलं. ती आता उठेल आणि पुन्हा कधी बसणार नाही, हेही त्याला कळलं. तो उठला आणि त्याने बटण फिरवलं.

गाणं जिना चढल्यासारखं वर आलं. मुली गायला लागल्या. मुख्याध्यापकांनी डोळे उघडले.

"हे काय आहे?"

"हे खरं आहे," तज्ज्ञ म्हणाला. "ते माझं होतं. मी अकरा वर्षं चुकीच्या वेगाने लावत होतो. आकड्यावर मीच चिठ्ठी चिकटवली होती."

त्याने सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि या वेळी गाणं बरोबर तेरा मिनिटं वीस सेकंदांनी संपलं. बायकोने एकटीने टाळ्या वाजवल्या.

"तुमच्या निबंधावरून मी शाळेत निरोपाचं भाषण केलं होतं," मुख्याध्यापक म्हणाले. "शिपायापर्यंत सगळे रडले होते. ते अश्रू आता कुठे धरायचे?"

"माझं तर व्यवहाराचं बोलतो," डॉक्टर म्हणाले. "दाढ काढताना मी तुमचीच कॅसेट लावतो. पेशंट इंजेक्शनच्या आधीच निम्मा बधिर होतो. या नव्या चालीवर तो पाय हलवायला लागला तर मी काय करू?"

चर्चा तासभर चालली. तज्ज्ञाला वाटलं होतं, आपली हकालपट्टी होईल. तसं काही झालं नाही. निबंध निर्दोष असून गायकाने तिसरा अल्बम अकारण घाईने गायला, असं मंडळाचं मत असल्याचा ठराव सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. विरोधातलं एक मत तज्ज्ञाचं होतं. बायकोनेही हात वर केला होता, पण ती सभासद नसल्याने धरला गेला नाही. कॅसेटी आहेत तशाच वापरात ठेवायचं ठरलं.

घरी आल्यावर बायकोने पर्स ठेवली, सोफ्यावर बसली आणि शेजारच्या जागेवर हात थोपटला. "लावा परत."

तिसऱ्या अल्बमच्या चारही बाजू झाल्या. शिवणकाम तसंच पडलं होतं, सासूबाई बॅग भरत होत्या, आणि तज्ज्ञ सुखात होता. सगळं संपल्यावर ती आपणहून म्हणाली, "याचं आणखी आहे का काही?"

तज्ज्ञाने चौथा अल्बम काढला. समेट. आधी त्याने मधला कागद दोन्ही बाजूंनी उजेडात धरून नीट वाचला. तेहतीस. बटण तेहतीसवर आणलं. सुई टेकवली. बायकोने दहा मिनिटं मन लावून ऐकलं.

"अहो, हेपण पंचेचाळीसवर करा ना."

"अगं, हे तेहतीसचंच आहे. बघ, स्वच्छ छापलंय."

"असू दे. करा."

अकरा वर्षं, एक निबंध, काल उघडं पडलेलं पितळ, सगळं एका बाजूला आणि शेजारची ती भरलेली जागा दुसऱ्या बाजूला. त्याने केलं. गायक चिमणीसारखा चिवचिवाट करू लागला, समेट पाच मिनिटांत उरकायच्या बेताला आला आणि बायकोचा पाय आपोआप ठेका धरू लागला.

"बघा," ती समाधानाने म्हणाली, "माणूस मुळात वाईट नसतो. कुणीतरी सतत मागे लागावं लागतं, एवढंच." आणि ती ज्याच्याकडे बघून हे बोलली, तो गायक नव्हता.