दारातली झिल्ली

गजभिये सरांच्या घरी जायचं तर चपला नंतर काढायच्या, आधी पिशवी उघडायची. सर दारातच आडवी खुर्ची टाकून बसलेले. मांडीवर सूप. आणलेलं सारं त्या सुपात ओतायचं, मग सर एकेक वस्तू उचलून निकाल देणार. मुरमुरे? आत. पापड? बाहेर. शहाळं?

"बाई, तुमच्या वहिनीले मारता का?"

आणि वर ठरलेलं वाक्य : "घर म्हंजे कोशिका, अन् मी तिची झिल्ली. झिल्ली म्हंजे धर्मशाळा नोहे!"

यातलं धर्मशाळेचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या बालाघाटच्या शाळेत शिवणकाम शिकवायला नवीनच लागले होते. शाळा हिंदी, म्हणून पेशीला सर मराठीतही कोशिकाच म्हणत, अन् तिच्या आवरणाला झिल्ली. जीवशास्त्राच्या तासाला ते बीटाचा एक तुकडा थंड पाण्यात टाकत. पाणी कोरंच राही. दुसरा उकळत्या पाण्यात टाकत, की पाणी लालभडक. "पाहा. जिती झिल्ली निवडते, कोणाले घ्याचं, कोणाले धाडाचं. मेली का दार सताड. कोणीबी या, कोणीबी जा."

मी प्रयोगशाळेत डोकावले की सर दारातच अडवत. "पावडर झटकून या." माझी तेव्हाची अक्कल काय सांगू! मला वाटलं, सर भाळले. आठवडाभर अबोली माळून गेले. आठवडाभर सरांनी अबोली बाहेर ठेवायला लावली. मग एक दिवस सरांची बायको, सुमनवहिनी, डबा घेऊन आल्या, पदराला हळद, पायांना धूळ. त्यांना मात्र सरांनी काहीही न झटकता आत घेतलं. अबोली मी बकरीला घातली.

त्याच वहिनींच्या किडन्या उतारवयात गेल्या. आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिसच्या मशीनवर. "त्या मशीनमंदीबी झिल्लीच हाये, बाई," सर सांगत. "रक्तातला कचरा गाळते. पर थे पगारी झिल्ली. घरची मी."

आता आमच्याकडची रीत अशी, की आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही. संत्री, केळी, शहाळं. वहिनींना नेमकं तेच विष. सर प्रत्येकाला दारात उभं करून शिकवत : फळातलं पोटॅशियम पेशीच्या आत असलं तर बरं, रक्तात साचलं तर काळीज बंद पाडतं. पाणी चोरपावलानं घुसतं, मिठाला मात्र हाकलून लावावं लागतं. अर्धे पाहुणे धडा संपायच्या आत पळत. उरलेले परत येत नसत. आतून वहिनी ओरडत, "ओ झिल्ली! माणसं तं येऊ द्या!"

एकदा त्यांनी माझा हात धरला. "बाई, संत्र्याची एक फोड. चाखून थुकून देईन. मले सपनात संत्री येऊन राह्यली."

दुसऱ्या दिवशी मी या वयात पोलक्यात संत्रं लपवून निघाले. सुपात मुरमुरे ओतले, पुढे सरकले. सरांनी नाक वर केलं. "बाई, वास झिल्लीतून जाते." ओसरीवर, दूधवाल्यादेखत, मी ते संत्रं कसं बाहेर काढलं ते माझ्या सुनेला अजून सांगितलेलं नाही. आत वहिनी रडत होत्या. सर दाराकडे पाठ करून बसले. "मी तरी कुठं खातो?" एवढंच म्हणाले.

मग गेल्या थंडीत एका दुपारी सरच माझ्या दारात. पायात चप्पल नाही.

"बाई, संत्रं असन का घरी?"

मी हातातलं शिवण खाली ठेवलं.

"डॉक्टर म्हणले, आता मशीनवर नका आणू. शरीर साथ देत नाही. जे मागन थे द्या म्हणले."

घरात होती तेवढी पिशवीत घालून मी त्यांच्या मागे गेले. खुर्ची भिंतीला लावलेली. सूप खुंटीवर. ओसरीत कोणाच्या तरी कोंबड्या फिरत होत्या. सवयीनं मी उंबऱ्यापाशी थांबून पिशवी उघडली.

"सर, पाहून घ्या."

"काय पाहाचं, बाई? चला आत."

ते खाटेच्या कडेला बसले. एकेक फोड घेऊन वरची पातळ साल नखानं अलगद काढत, बिया वेचत, नुसता रसाळ गर वहिनींच्या ओठांशी नेत.

"बी काढलं का?" वहिनींनी डोळे मिटूनच विचारलं.

"काढलं."

"ओ झिल्ली, तुमीबी खा."

सरांनी एक फोड तोंडात टाकली. चावली नाही, तशीच धरून ठेवली. एक कोंबडी थेट खाटेखाली शिरली. मी तिला हुसकून दार लावायला उठले.

"राहू द्या," सर म्हणाले. "राहू द्या उघडंच."