चाळीस सेकंदांचं उत्तर

थोआ गेल्याचं आमच्या वस्तीला खांबावरच्या भोंग्यातून कळलं. पहाटे साडेपाचला. आधी कुत्र्यांना लस टोचून घ्यायची सूचना झाली, मग कचऱ्याची गाडी उशिरा येणार असल्याची, आणि मग माझ्या बायकोचं नाव. वय बावन्न. मला आदल्या संध्याकाळी इस्पितळातच कळलं होतं, पण भोंग्यावर ऐकेपर्यंत ते खरं वाटत नव्हतं.

आमच्या मुलीची, दिएपची, इंग्रजीची तोंडी परीक्षा तेव्हा पाच दिवसांवर आली होती. पुरेसे गुण मिळाले असते तर तिला ऑस्ट्रेलियात नर्सिंगला जागा मिळणार होती. ती परीक्षेला गेली नाही.

भेटायला आलेली माणसं दुपारपर्यंत डोळे पुसत होती आणि दुपारनंतर गाबोरची गोष्ट काढून हसत होती. शेजारच्या लुआकाकू म्हणाल्या, "दिएपचे बाबा, तुम्हीच सांगा ना ती!" त्या दिवशी मला जमलं नाही. आता सांगतो.

थोआला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण दिएपची घरातली परीक्षक तीच! क्लासचे ह्यू सर दर चार महिन्यांनी 'येणारे प्रश्न' छापून द्यायचे. हुकलेल्या परीक्षेच्या त्या खेपेला दोन विषय होते: हसणं आणि सार्वजनिक सोयी. उत्तरंही सरच द्यायचे, अख्ख्या क्लासला एकच. एकोणतीस मुलांच्या घराजवळ तीच बाग, तीच लायब्ररी आणि हसऱ्या चेहऱ्याची तीच एक आजी! नियम असा की प्रश्न संपला की लगेच सुरू करायचं, चाळीस सेकंदांच्या आत थांबायचं नाही आणि चेहरा हसरा ठेवायचा.

थोआ स्वयंपाकघरातलं घड्याळ मांडीवर घेऊन बसायची. शब्द कळत नव्हते, पण दिएप कुठे अडकली ते तिला बरोबर कळायचं.

"लायब्ररीनंतर श्वास घेतलास. काल घेतला नव्हतास."

"आई, माणूस आहे मी, श्वास घेणारच!"

"परीक्षेनंतर घे. आणि तो चेहरा बघ! बोलतेयस हसण्यावर आणि तोंड बर्फाच्या लादीत अडकलेल्या माशासारखं!"

"तुझ्यासमोर सगळं येतं गं. खरा परदेशी समोर बसला की माझी वाचाच बसते."

मी पेपर खाली ठेवला. "परदेशी माणूस ना? आणतो की! त्यात काय एवढं?"

मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. त्याच महिन्यात नवा कॉम्प्रेसर बसवायला हंगेरीहून गाबोर नावाचा माणूस आला होता. आमच्याशी तो हातवारे करून बोलायचा.

"इंग्रजी येतं का त्याला?" थोआने विचारलं.

"अगं, गोरा आहे तो!" मी म्हटलं. विषय संपला.

रविवार ठरला. थोआ म्हणाली, परदेशी माणूस येणार आणि आपली मोरी ही अशी? शनिवारी गवंडी बोलावून तिने संडास-बाथरूमला सिमेंटची नवी फरशी करून घेतली. गवंडी जाताना सांगून गेला, "दोन दिवस पाय ठेवू नका." थोआने दाराला आडवी दोरी बांधली. आम्ही लुआकाकूंच्या संडासात जाऊ लागलो. ज्याच्यासाठी फरशी केली तो दोन दिवसांच्या आतच येणार आहे, हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही!

गाबोर आला. सव्वासहा फूट. आमच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसला तेव्हा त्याचे गुडघे कानांपर्यंत आले. गल्ली खिडकीला चिकटली. थोआने चहा ओतला. तो त्याने संपवला. पाहुण्याचा पेला रिकामा ठेवायचा नाही, ही आमची रीत. पुढे आलेलं संपवायचं, ही बहुधा त्याच्या आईची शिकवण. थोआ ओतत होती, तो पीत होता. सहा पेले चहा झाला. मग नेम, म्हणजे सारण भरून तळलेल्या गुंडाळ्या, आणि उकडलेली कोंबडी आली. जोडीला मी बिअर काढली. पेला रिकामा दिसला की मी भरायचो, भरलेला दिसला की तो रिकामा करायचा. दोघंही सभ्य!

मग दिएपने त्याच्या हातात प्रश्नांचा कागद दिला आणि समोर बसली. थोआने घड्याळ मांडीवर घेतलं.

पहिले तीन प्रश्न त्याने अडखळत वाचले. दिएपने घडाघडा उत्तरं दिली. मग तो थांबला. घरात नजर फिरवली. दाराची दोरी पाहिली. दिएपकडे वळून त्याने हळूच विचारलं, इथे जवळ सार्वजनिक स्वच्छतागृह आहे का?

कागद त्याच्या हातातच होता, आणि त्यावरचा चौथा प्रश्न नेमका हाच होता!

दिएप सुरू झाली. आमच्या गावात सार्वजनिक सोयी भरपूर असून त्या आधुनिक, स्वच्छ आणि सर्वांसाठी खुल्या आहेत... अर्थ मला पाठ होता, घरात सहा आठवडे तेच चाललं होतं. गाबोर अर्धवट उठला. त्याने कळवळून पुन्हा विचारलं. दिएपला वाटलं, परीक्षक खोलात शिरतोय. तिने बाग घातली, लायब्ररी घातली. गाबोरचे ओठ दोन्ही कानांकडे ताणले गेले, दात दिसू लागले, कपाळावर घाम आला.

"बघ, बघ! हसतोय!" थोआ कुजबुजली. "आवडलंय त्याला! थांबू नकोस, अजून बावीस सेकंदं आहेत!"

खिडकीतून लुआकाकू ओरडल्या, "अगं बाई, तो हसत नाहीये! माझा नातू पण अस्साच करतो! संडास दाखवा त्याला आधी!"

एकच धावपळ! लुआकाकूंकडे न्यावं, तर त्या संडासात त्यांचे म्हातारे सासरे नुकतेच गेले होते, आणि ते गेले की अर्धा तास बाहेर येत नाहीत. वस्तीच्या सभागृहात संडास आहे, आरशासारखा लख्ख. दोन वर्षांपूर्वी बांधला, आणि लख्ख राहावा म्हणून तेव्हापासून कुलूपबंद. किल्ली वस्तीप्रमुख मान्ह यांच्या खिशात, आणि मान्ह पलीकडच्या गावी लग्नाला! आम्ही त्याला सभागृहापाशी नेऊन कुलपाशी झटत होतो, दिएप रडवेली होऊन मागे उभी होती. मी वळून पाहिलं तर गाबोर जागेवर नव्हता.

तो आमच्या घरात परत गेला होता. त्याने दोरी ओलांडली होती.

बाहेर आला तेव्हा फरशीवर दोन पावलं उमटली होती, होडीएवढी! तो हात जोडून माफी मागू लागला. थोआने त्या पावलांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि ती हसायला लागली. तिचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता, म्हणून ती नेहमी तोंडावर हात धरून हसायची. त्या दिवशी तिला हात वर न्यायलाही सुधरलं नाही. ती जमिनीवरच बसली.

गाबोर जरा सावरला. त्याने कागद उलटा करून स्टुलावर ठेवला आणि दिएपला म्हणाला, आता हसण्यावर बोल. कागदाशिवाय.

दिएप आईकडे बघत राहिली. मग तुटक तुटक चार वाक्यं बोलली. त्यात बाग नव्हती, आजी नव्हती. बोलताना ती हसत होती. गाबोरने अंगठा वर केला.

"काय म्हणाली? किती सेकंदं झाली?" थोआ डोळे पुसत विचारत होती. ती घड्याळ लावायला विसरली होती.

"काही नाही गं आई, परीक्षेचंच," दिएप म्हणाली.

माणूस गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी आमच्यात पूजा करतात, थोआच्या त्या पूजेनंतर मी दिएपला विचारलं, तेव्हा तिने मला ती वाक्यं सांगितली. माझी आई तोंड झाकून हसते. तिला दाताची लाज वाटते. आज ती विसरली. तिने रोज विसरावं असं मला वाटतं.

ह्यू सरांचे नवे प्रश्न आले आहेत. मी ते क्लासमधून आणले, घड्याळ घेऊन समोर बसलो. दिएप म्हणाली, "बाबा, राहू दे. तुम्ही बसलात की वाटतं, माल मोजून घ्यायला आला आहात." चुकीचं म्हणाली नाही ती. तीस वर्षं मी बर्फाच्या लाद्याच मोजल्या आहेत.

पुढच्या परीक्षेची नोंदणी एकतीस तारखेपर्यंत आहे. दिएपने अर्ज अजून भरलेला नाही.